बायबलमधली पुस्तकं कोणी ठरवली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शनिवारच्या बायबल स्टडीत आणि नंतर व्हॉट्सॲपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात. दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आधीच सांगतो, मी प्रॉटेस्टंट घरातला आणि बायको वसईची कॅथलिक. त्यामुळे घरात दोन बायबलं आहेत आणि दोन्ही बाजूंचे टोमणे मला पाठ आहेत.

१. बायबल म्हणजे एकच पुस्तक ना? मग "पुस्तकं निवडली" म्हणजे काय?

एक पुस्तक दिसतं ते बाइंडिंगमुळे. मुळात हा शब्दच ग्रीक बहुवचनातून आलाय, 'बिब्लिया' म्हणजे पुस्तकं. साधारण हजारेक वर्षांच्या काळात वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं साहित्य आहे हे, बरंचसं हिब्रूत, थोडं अरामी भाषेत आणि नवा करार (येशू आणि त्याच्या नंतरचा भाग) ग्रीकमधे, त्यात कायदे आहेत, राजांचा इतिहास, गाणी, म्हणी, प्रेमकविता, पत्रं सगळंच. आणि हे सगळं सुट्या गुंडाळ्यांवर होतं. यशयाची गुंडाळी वेगळी, स्तोत्रांची वेगळी. सुट्या गुंडाळ्यांना अनुक्रमणिका लागत नाही, ती लागते सगळं एका जिल्दीत बांधायचं म्हटल्यावर. तुमच्या बायबलचं अनुक्रमणिकेचं पान उघडा, ते पान त्यातल्या कुठल्याच पुस्तकात नाहीये. खालचे सगळे प्रश्न त्या एका पानाबद्दल आहेत.

२. हे 'कॅनन' काय असतं? कॅमेऱ्याची कंपनी सोडून.

हा जोक दर वर्षी कोणीतरी करतंच. ग्रीकमधे 'कॅनन' म्हणजे सरळ वेताची काठी, मोजपट्टी, आपल्याकडे सुताराचा किंवा कापडवाल्याचा गज असतो तसं. त्यावरून अर्थ झाला माप, नियम, आणि पुढे चौथ्या शतकात 'मान्य पुस्तकांची यादी'.

३. सासरच्या बायबलमधे नहेम्यानंतर तोबीत आणि युदीथ आहे, माझ्यात थेट एस्तेर येतं. माझं बायबल अपुरं आहे का?

नाही, यादी वेगळी आहे. प्रॉटेस्टंट बायबलमधे ३९ अधिक २७ अशी ६६ पुस्तकं. कॅथलिकमधे जुन्या करारात ७ जास्त: तोबीत, युदीथ, मक्काबींची दोन, शलमोनाचं ज्ञान, बेन सिराख आणि बारूख. शिवाय एस्तेर आणि दानीएल थोडे लांब. म्हणून ७३. ऑर्थोडॉक्स चर्चेसमधे आणखी काही असतात, उदाहरणार्थ स्तोत्र १५१, आणि इथिओपियाचं चर्च ८१ मोजतं.

यहुदी लोक जुना करार २४ पुस्तकं म्हणून मोजतात. ते ऐकून घाबरू नका, मजकूर आपल्या ३९ चाच आहे. शमुवेल, राजे, इतिहास यांचे ते दोन दोन भाग करत नाहीत, एज्रा-नहेम्या एक धरतात, आणि होशेयपासून मलाखीपर्यंतचे १२ छोटे संदेष्टे मिळून एकच.

नव्या कराराच्या २७ बद्दल मात्र कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ऑर्थोडॉक्स सगळे एकमत आहेत. भांडण आहे ते जुन्या कराराच्या कडेचं, ते कसं झालं त्यासाठी प्रश्न १० बघा.

४. ३२५ साली नायसियाच्या सभेत सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन पुस्तकं ठरवली ना? व्हिडिओ पाहिला मी.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि उत्तर साफ 'नाही' असं आहे.

नायसियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशप जमले होते ते अरियस नावाच्या धर्मगुरूच्या वादासाठी, पुत्र म्हणजे येशू हा पित्यासारखाच देव आहे की पित्याने निर्माण केलेला, यासाठी. मग ईस्टर कधी पाळायचा वगैरे. त्या सभेचे २० नियम आपल्याकडे आहेत, आणि त्यात बायबलच्या पुस्तकांची यादी नाही. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू तीच पुस्तकं, तेच योहानाचं शुभवर्तमान (येशूच्या आयुष्याचं पुस्तक) उघडून एकमेकांना वचनं दाखवत होत्या, भांडण अर्थावरून होतं.

मग ही गोष्ट आली कुठून? नवव्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात एक किस्सा आहे की सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवली, प्रार्थना केली, खरी होती ती वर आली आणि खोटी खाली राहिली. म्हणजे घटनेनंतर साडेपाचशे वर्षांनी लिहिलेला किस्सा. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने तो चेष्टेसाठी उचलला, आणि २००३ च्या एका तुफान खपलेल्या थ्रिलरने मतदान-बितदान मसाला घालून घराघरात पोचवला.

कॉन्स्टंटाइनचा बायबलशी खरा संबंध आला तो साधारण ३३१ साली. त्याने कैसरियाच्या युसेबियस बिशपला पत्र पाठवून नव्या राजधानीतल्या चर्चेससाठी ५० प्रती मागवल्या. चांगल्या चामड्यावर, वाचायला सोप्या, आणि तयार झाल्या की दोन सरकारी गाड्यांत घालून पाठव. कुठली पुस्तकं घ्यायची त्याची यादी त्या पत्रात नाही. ऑर्डर आहे ती, फतवा नव्हे.

५. मग आजची २७ पुस्तकांची यादी पहिल्यांदा दिली कोणी?

अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस, साल ३६७. तिथले बिशप दर वर्षी चर्चेसना पत्र पाठवायचे की यंदा ईस्टर अमुक तारखेला. त्याच्या ३९ व्या पत्रात यादी आहे, आणि त्यात नव्या कराराची बरोब्बर आपलीच २७ पुस्तकं आहेत, जास्त नाही की कमी नाही. नंतर उत्तर आफ्रिकेत हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या सभांनी तीच २७ मान्य केली.

पण जे लोक हे पत्र विजयाने फॉरवर्ड करतात त्यांनी पुढचंही वाचावं. त्याच पत्रात जुन्या करारात एस्तेर नाहीये! ते त्याने वेगळ्या खणात टाकलंय, तोबीत, युदीथ, 'हर्मासचा मेंढपाळ' (एक जुनं ख्रिस्ती पुस्तक) वगैरेंबरोबर, नव्या लोकांना वाचायला चांगली पण यादीतली नव्हेत अशा पुस्तकांत. आणि बारूख मात्र यिर्मयाबरोबर आत घेतलंय. म्हणजे नवा करार आपला आणि जुना करार धड कॅथलिकांचाही नाही, धड प्रॉटेस्टंटांचाही नाही.

६. तोपर्यंत ३०० वर्षं लोक काय वाचत होते मग?

हेच वाचत होते की. हिब्रू शास्त्रं बहुतेक ग्रीक भाषांतरातून, सोबत पौल या पहिल्या पिढीतल्या प्रचारकाची पत्रं आणि चार शुभवर्तमानं. पौलाची पत्रं सगळ्यात जुनी, इसवी सन ५० च्या आसपास सुरू होतात, शुभवर्तमानं साधारण ७० ते १०० मधली असं बहुतेक अभ्यासक धरतात. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी पौल सांगतो की हे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, वाचायला द्या आणि त्यांच्याकडचं तुम्ही वाचा. कॅनन असाच वाढलाय, एकीकडचं दुसरीकडे नकलून नेत. आपल्याकडे अभंगांच्या वह्या गावोगाव फिरायच्या तसं काहीसं. १५० च्या सुमाराला रोममधे ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो की रविवारी प्रेषितांच्या (येशूच्या निवडक शिष्यांच्या) आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचतात.

यादीची गरज पडली ती भांडणातून. मार्सियन नावाचा एक जहाजवाला श्रीमंत माणूस, १४४ च्या सुमाराला रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं, तो म्हणाला जुना करार अख्खा रद्द, फक्त लूक तोही काटछाट केलेला, आणि पौलाची १० पत्रं. दुसऱ्या टोकाला तातियन नावाच्या लेखकाने चारही शुभवर्तमानं कापून-जोडून एक सलग गोष्ट केली, आणि सीरियातली चर्चेस ती पाचव्या शतकापर्यंत वाचत होती. १८० च्या सुमाराला लिओंचा बिशप आयरेनियस ठणकावून सांगतो की शुभवर्तमानं चारच, कारण दिशा चार आणि वारे चार. कारण कच्चंच आहे, पण त्यातून कळतं की चार हा आकडा तेव्हाच पक्का झाला होता, कारण नंतर शोधलंय.

७. कसोट्या काय लावल्या? काही चेकलिस्ट होती?

टेबलावर ठेवलेली चेकलिस्ट कोणाकडेच नव्हती, पण जुनी भांडणं वाचली की तीन गोष्टी सारख्या दिसतात. लेखन प्रेषिताचं किंवा त्याच्या जवळच्या माणसाचं आहे का, सुरुवातीपासून शिकवलेल्या विश्वासाशी जुळतं का, आणि सगळीकडच्या मंडळ्यांत वाचलं जातं का.

मिलानच्या ग्रंथालयात सापडलेला आणि १७४० मधे छापलेला एक तुकडा आहे, मुराटोरीचा तुकडा म्हणतात, वाईट लॅटिनमधल्या ८५ ओळी. मूळ बहुधा दुसऱ्या शतकाच्या शेवटचं, काहीजण चौथ्यातलं म्हणतात. त्यात 'हर्मासचा मेंढपाळ' बद्दल लिहिलंय की हे अलीकडे, आपल्याच काळात रोममधे लिहिलं गेलं, म्हणून खाजगीत वाचा, पण मंडळीत प्रेषितांच्या बरोबरीने नको. पुस्तकाला वाईट म्हटलेलं नाही, उशिरा आलं एवढंच.

उलट इब्री लोकांस पत्र बघा, त्यावर लेखकाचं नावच नाही. ऑरिगन नावाचा विद्वान तिसऱ्या शतकात म्हणतो की कोणी लिहिलं ते देवालाच ठाऊक. तरी ते आत आलं, पूर्वेकडच्यांनी पौलाचं मानलं म्हणून, पश्चिमेकडचे बराच काळ कुरकुरत होते. त्यामुळे कसोट्या गणितासारख्या लागल्या असं कोणी सांगितलं तर मान हलवा आणि चहा घ्या.

८. थोमाचं, पेत्राचं, यहूदाचं शुभवर्तमान चर्चने दाबून टाकलं असं म्हणतात. लपवण्यासारखं काय होतं त्यात?

आधी पेत्राचं, कारण किस्सा छान आहे. साधारण २०० साल, अंत्युखियाचा बिशप सेरापियन. त्याच्या हाताखालच्या ऱ्होसस गावात काही लोक 'पेत्राचं शुभवर्तमान' वाचत होते आणि त्यावरून कुजबुज सुरू झाली. बिशपने पुस्तक न वाचताच सांगून टाकलं, एवढंच असेल तर वाचा की. परत आल्यावर कोणाकडून तरी प्रत मिळवून स्वतः वाचली आणि म्हणाला बरंचसं ठीक आहे, पण काही गोष्टी घुसडलेल्या आहेत, आणि हे पेत्राचं म्हणून आपल्याकडे चालत आलेलं नाही. पेत्र आम्हाला मान्य, त्याच्या नावावर खपवलेलं नाही. वरून हुकूम आला आणि पुस्तकं जाळली असं काही नाही, एक बिशप घाईत हो म्हणाला आणि मग चूक दुरुस्त केली, इतकं घरगुती प्रकरण.

थोमाचं शुभवर्तमान पूर्ण मिळालं ते १९४५ मधे इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ, मातीच्या रांजणात पुरलेल्या पोथ्यांत, कॉप्टिक भाषेत. ११४ वचनं आहेत, गोष्ट नाही, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. काही वचनं मत्तय-लूकसारखीच आहेत आणि काही गूढ. ज्यांना वाटतं की हे पुस्तक बायकांच्या बाजूचं होतं म्हणून दाबलं, त्यांनी शेवटचं ११४ वं वचन वाचावं, तिथे मरियेला स्वर्गाच्या राज्यात यायचं तर आधी पुरुष व्हावं लागणार आहे.

यहूदाचं (येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या नावाचं) २००६ मधे छापलं गेलं, पण त्या नावाच्या पुस्तकाचा उल्लेख आयरेनियसने १८० च्या सुमारालाच केलाय, नापसंतीने. पुढे बिशपांची सत्ता वाढल्यावर असली पुस्तकं नकलली जाणं थांबलं हे खरंय, आणि पोथी नकलली गेली नाही की ती मरते. पण चाराच्या जागी ही होती आणि मग बदलली, असं कुठेच दिसत नाही.

९. आत असलेल्यांपैकी वादात कोण होतं?

युसेबियसने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सरळ खणच पाडलेत: सर्वमान्य, वादातली, आणि बनावट. वादातल्यांत याकोब, यहूदाचं पत्र (हा यहूदा वेगळा), २ पेत्र, २ आणि ३ योहान. प्रकटीकरणाचं त्याला काय करावं कळलं नाही, ते त्याने सर्वमान्य मधेही टाकलं आणि बनावट मधेही, 'वाटल्यास' असं म्हणून! मला हा माणूस त्यासाठीच आवडतो.

सीरियन चर्चच्या जुन्या पेशित्ता बायबलमधे नव्या करारात २२ च पुस्तकं आहेत: २ पेत्र, २-३ योहान, यहूदा आणि प्रकटीकरण नाही. हे लांबचं वाटत असेल तर केरळातले सेंट थॉमस ख्रिस्ती आठवा, त्यांची परंपरा सीरियन आहे. आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमधे प्रकटीकरण बायबलमधे आहे पण उपासनेत आजही वाचत नाहीत.

१०. त्या ७ पुस्तकांचं खरं काय? प्रॉटेस्टंटांनी काढली की कॅथलिकांनी नंतर घातली?

दोन्ही फॉरवर्ड माझ्याकडे येतात, बऱ्याचदा एकाच दिवशी, आणि दोन्ही अर्धवट आहेत.

येशूच्या आधी दोनअडीचशे वर्षं अलेक्झांड्रियात हिब्रू शास्त्रांचं ग्रीक भाषांतर सुरू झालं, त्याला सेप्टुआजिंट म्हणतात. ग्रीक बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं ते बायबल झालं आणि त्याच्या प्रतींत ही जास्तीची पुस्तकं सापडतात. जेरोम नावाच्या विद्वानाने ३८२ पासून लॅटिन भाषांतर हाती घेतलं, पुढे बेथलेहेमला राहून थेट हिब्रूवरून भाषांतर करू लागला, आणि म्हणाला की हिब्रूत नाहीत ती अपोक्रिफा, म्हणजे यादीबाहेरची. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन म्हणाला चर्चेस वाचतायत ना, मग राहू दे. जेरोमने बिशपांच्या आग्रहाखातर तोबीत एका दिवसात भाषांतर करून दिलं, यावरून त्याचा उत्साह समजून घ्या. ऑगस्टिनचं मत चाललं, पण जेरोमची शंका हजार वर्षं समासात जिवंत राहिली. फ्लॉरेन्सच्या सभेने १४४२ मधे लांब यादी दिली, म्हणजे "प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरला उत्तर म्हणून ट्रेंटच्या कॅथलिक सभेत घातली" हे चूक. पण विश्वासाचा बंधनकारक भाग म्हणून शिक्का ट्रेंटला ८ एप्रिल १५४६ ला बसला, म्हणजे "पहिल्यापासून सगळ्यांना मान्य होती" हेही चूक.

लूथरने ती फेकली नाहीत, १५३४ च्या जर्मन बायबलमधे दोन करारांच्या मधे ठेवली, शास्त्राच्या बरोबरीची नाहीत पण वाचायला चांगली असं लिहून. इंग्रजांच्या १६११ च्या किंग जेम्समधेही होती. गळाली ती खरी छपाईच्या खर्चात. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीत मोठं भांडण होऊन १८२६ च्या सुमाराला ठरलं की अपोक्रिफावर सोसायटीचा पैसा खर्च करायचा नाही. मराठी बायबल घडलं ते नेमकं याच काळात, बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरीचा मराठी नवा करार १८११ चा, पुढचं काम सोसायटीच्या छायेत. आपल्या प्रॉटेस्टंट आज्यांना तोबीत ठाऊक नसण्याचं कारण धर्मशास्त्राइतकंच लंडनमधला हिशेब आहे.

११. यहुदी लोकांनी त्यांची यादी कधी बंद केली? यावनेची सभा, इ.स. ९०, बरोबर?

शाळेसारखं पाठ केलेलं उत्तर आहे ते, मलाही तसंच शिकवलं होतं. १८७१ मधे ग्रेट्स नावाच्या इतिहासकाराने मांडलेली ती कल्पना, आता बहुतेकांनी सोडलीय. यावनेत रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मगुरूंची, चर्चा झाली हे खरं, पण यादी बंद करणारी सभा झाल्याचा पुरावा नाही. नियमशास्त्र आणि संदेष्टे आधीच पक्के होते, कडेच्या दोनतीन पुस्तकांवर घोळ चालू होता. पहिल्या शतकाच्या शेवटी यहुदी इतिहासकार जोसेफस २२ पुस्तकं म्हणतो. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत जवळजवळ सगळी पुस्तकं आहेत, एस्तेर सोडून, त्यात देवाचं नावही नाही हे तुम्हाला माहीत असेलच.

रब्बींची भाषा मात्र मराठी माणसाला लगेच कळेल. 'पवित्र शास्त्र आहे का' असं ते विचारत नाहीत, विचारतात 'याने हात विटाळतात का'. शास्त्राची गुंडाळी हाताळली की हात अशुद्ध, धुवायचे. म्हणजे विटाळ होतो तेच पवित्र, आपल्या सोवळ्याच्या बरोब्बर उलटं! गीतरत्नाने आणि उपदेशकाने हात विटाळतात का यावर वाद झाला, आणि रब्बी अकिवा भडकून म्हणाला की सगळी शास्त्रं पवित्र, पण गीतरत्न परमपवित्र.

१२. लूथरला याकोबाचं पत्र काढायचं होतं का?

१५२२ च्या प्रस्तावनेत त्याने त्याला 'गवताचं पत्र' म्हटलं आणि इब्री, याकोब, यहूदा, प्रकटीकरण शेवटी ढकलून अनुक्रमणिकेत त्यांना नंबर दिला नाही. पण भाषांतर सगळ्यांचं केलं. ते वाक्य त्याने नंतरच्या आवृत्त्यांतून काढून टाकलं.

१३. 'परमेश्वरप्रेरित' म्हणजे देवाने शब्द न् शब्द सांगितला आणि यांनी लिहून घेतला?

२ तीमथ्य ३:१६ मधला मूळ ग्रीक शब्द जवळजवळ 'देवाने श्वास फुंकलेलं' असा आहे. श्वास कसा फुंकला ते तिथे सांगितलेलं नाही, आणि पुस्तकं स्वतः वेगवेगळं दाखवतात. यिर्मया ३६ मधे खरंच डिक्टेशन आहे, यिर्मया बोलतोय आणि बारूख शाईने लिहितोय. लूक मात्र पहिल्याच चार ओळींत सांगतो की मी सगळी चौकशी करून व्यवस्थित लिहितोय. आणि १ करिंथ १ मधे पौल म्हणतो मी क्रिस्प आणि गायस सोडून कोणाचा बाप्तिस्मा केला नाही, मग आठवतं, हां, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला, आणखी कोणाचा केला असेल तर आठवत नाही. डिक्टेशन घेणारा माणूस असा अडखळेल का? म्हणून बहुतेक चर्चेस म्हणतात की माणसं आपल्या डोक्याने, आपल्या भाषेत लिहीत होती आणि देव त्यातून बोलत होता. पुढे फाटा फुटतो. १९७८ चं प्रॉटेस्टंटांचं शिकागो निवेदन म्हणतं मूळ लेखनात कुठलीच चूक नाही, १९६५ ची कॅथलिक शिकवण भर देते ती तारणासाठी लागणाऱ्या सत्यावर.

१४. पण २ तीमथ्य लिहिलं तेव्हा नवा करार तयारच नव्हता. मग ते वचन कशाबद्दल? हे गोल गोल फिरणं नाही का?

चांगला प्रश्न, आणि गप्प करून टाकू नये असा. त्या वचनात समोर आहेत ती हिब्रू शास्त्रं. २ पेत्र ३:१६ पौलाच्या पत्रांना 'इतर शास्त्रलेखां'च्या रांगेत बसवतं, पण २ पेत्र स्वतःच वादातलं (प्रश्न ९).

कॅथलिक म्हणतात चर्चच्या साक्षीने ओळखलं, ऑगस्टिन तर म्हणतो की चर्चचा अधिकार नसता तर मी शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता. तरी १८७० च्या व्हॅटिकन सभेने स्पष्ट केलं की चर्चने मान्य केली म्हणून पुस्तकं प्रेरित झाली नाहीत, प्रेरित होती म्हणून मान्य केली. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन म्हणतो पवित्र आत्माच वाचणाऱ्याच्या मनात साक्ष देतो. माझं मत विचाराल तर यादी कशी जमली हे इतिहास बऱ्यापैकी सांगतो, ती देवाची आहे की नाही हे इतिहास सांगू शकत नाही, आणि जो सांगतो म्हणतो, या बाजूचा असो की त्या, तो काहीतरी विकतोय.

१५. यहूदाच्या पत्रात हनोखचं वचन आहे, मग हनोखचं पुस्तक का नाही?

यहूदा १४-१५ मधे खरंच ते उद्धृत केलंय, आणि इथिओपियाच्या बायबलमधे ते पुस्तक आहे. पण नुसत्या उद्धरणाने पुस्तक आत येत नाही. प्रेषितांची कृत्ये १७ मधे पौल अथेन्समधे ग्रीक कवीची ओळ म्हणतो, त्या कवीला कोणी शास्त्रात घेतलं नाही.

१६. मार्कच्या शेवटच्या १२ वचनांना कंस का? ती नंतर घातली तर ती प्रेरित नाहीत का?

सगळ्यात जुन्या दोन मोठ्या ग्रीक पोथ्यांत मार्क १६:८ लाच संपतं, बायका घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. योहान ८ मधली व्यभिचारी स्त्रीची गोष्ट, सगळ्यांची लाडकी, तीही जुन्या पोथ्यांत नाही. इथे पुस्तक मान्य आहे, मजकूर किती हा प्रश्न आहे, तो अनुक्रमणिकेने सुटत नाही. कॅथलिक दोन्ही उतारे धरतात, प्रॉटेस्टंट बहुतेक कंस घालून छापतात आणि गुड फ्रायडेच्या आधी प्रवचनात बिनकंसाचे वापरतात.

१७. उद्या पौलाचं हरवलेलं पत्र सापडलं तर बायबलमधे जाईल का?

हरवलेली आहेत हे नक्की, १ करिंथ ५:९ मधे पौल आधीच्या एका पत्राचा उल्लेख करतो, ते आपल्याकडे नाही. लावदिकीयाचंही नाही (प्रश्न ६). माझा अंदाज, म्युझियममधे जाईल, प्रबंध निघतील, पण बायबलमधे जाणार नाही, कारण ते कोणत्याच मंडळीत वाचलं गेलेलं नसेल.

गंमत म्हणजे लावदिकीयाची जागा एकदा भरली गेली होती. कोणीतरी पौलाच्या इतर पत्रांतली वाक्यं जोडून वीसेक वचनांचं एक पत्र बनवलं. जेरोमने सांगितलं की हे सगळ्यांनी नाकारलंय, तरी ५४६ च्या सुमाराच्या फुल्डाच्या लॅटिन पोथीत ते आहे, आणि १४६६ मधे छापलेल्या पहिल्या जर्मन बायबलमधेही, गलतीकरांच्या पाठोपाठ, इतर पत्रांच्या रांगेत निमूट बसलेलं. कोणी काढा असा हुकूम दिल्याचं दिसत नाही. लूथरने आपलं भाषांतर केलं तेव्हा त्याने ते फक्त घेतलं नाही.